जोखीम

बोराबाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
मी कायद्याच्या इंग्रजीचं मराठी करतो.
पानाला अडीचशे, शिक्क्याचे वेगळे.
भाडेकरार, मृत्युपत्रं, खलाशांचे करारनामे,
एकदा एका घोड्याच्या मालकीचा वाद.

मार्चमध्ये हे आलं. चौतीस पानं.
प्रवासी खासगी यानातून वर जाणार, अकरा मिनिटांसाठी,
आणि तिच्या आईला कळेल अशा भाषेत
कंपनीला लिहून हवं होतं की
काही झालं तर कंपनीला काही होणार नाही.

कलम सहा: सदर यान कोणत्याही सरकारने
सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेले नाही.
कलम नऊ: आग, दाब, कंपन, इंधनगळती, तसेच
आज ज्ञात नसलेली अन्य कारणे.
इथे मी चहा मागवला.
ज्ञात नसलेल्या कारणांना
जाणूनबुजून दिलेली संमती:
हे वाक्य तीनदा केलं,
तिन्ही वेळा व्याकरण बरोबर आलं.

कलम चौदा: प्रवासी, तिचे वारस आणि वारसांचे वारस
कोणताही दावा करणार नाहीत,
नुकसान कंपनीच्या निष्काळजीपणामुळे झाले असले
तरीही.
करारात असं ओळ मोडून लिहिता येत नाही.
तिथे तो शब्द गर्दीतच राहिला.

द्वारकाबाई चौधरी माहीमहून आल्या, टॅक्सीने.
"बसनेच येणार होते. पण अंगावर जोखीम आहे."
बँकेची शाखा हलतेय, लॉकर रिकामा करायला सांगितलाय.
पदराखाली मोहनमाळ, मनगटावर चार पाटल्या,
मृण्मयीसाठी ठेवलेल्या, तिला नको असलेल्या.

कलम नऊचं शीर्षक मी टाइप केलं होतं:
जोखमीचा स्वीकार.
वीस वर्षं हा शब्द बोटांखालून जातोय
आणि मी विसरलो होतो
की घरात आई हा शब्द सोन्यासाठी वापरायची.
जे हरवू शकतं ते.
लग्नाला जाताना रुमालात बांधून पोटाशी धरायचं ते.

मी वाचत गेलो. त्या पाटल्या फिरवत ऐकत होत्या.
एकोणिसाव्या कलमाला थांबवलं.
"हे खाली पडलं, कुणाच्या छपरावर, तर?"
त्याला भरपाई आहे, म्हटलं. विमा उतरवलाय.
जमिनीवरच्या तिऱ्हाइतासाठी.
"आणि आत बसलेलीला?"
मी पान उलटलं.
पुढे फक्त सह्यांच्या जागा होत्या.

"मग तिऱ्हाईत असलेलंच बरं की," त्या म्हणाल्या
आणि हसल्या, म्हणजे तोंडाने.
मग उगाच सांगायला लागल्या, उरुसाच्या जत्रेतल्या
उंच पाळण्याबद्दल. सहा वर्षांची होती.
पाळणेवाल्याने कागद मागितला नव्हता,
दोन रुपये घेतले आणि म्हणाला, घट्ट धर.
"वरून मला हाका मारत होती. मला ओळखूच येईना
कुठल्या पाळण्यातून."

शेवटची ओळ नेहमीचीच:
वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, तो मला समजला.
त्यांनी माझं पेन घेतलं.
'मला समजला' यावर आडवी रेघ मारली,
वर बारीक, शाळेतल्या वळणाच्या अक्षरात लिहिलं: मी ऐकला.
खाडाखोडीशेजारी द्वा. चौ.,
आणि नियमाप्रमाणे माझी आद्याक्षरं.

कंपनीचं उत्तर दुसऱ्या दिवशी: बदल अमान्य. नवीन प्रत घ्यावी.
नवीन प्रत काढून ठेवली आहे.
फोन केला की म्हणतात, येते हो,
आधी या सोन्याचं बघते, घरात ठेवायला धीर होत नाही.
उड्डाणाची तारीख दोनदा पुढे गेलीय,
कारण कळवलेलं नाही.

बिल चौतीस पानांचं लावलं.
खाडाखोडीचे मी घेत नाही.